रोजनिशीकाराच्या नावाने साहित्य मंडळ काढायचे असेल तर

एखाद्या जुन्या रोजनिशीकाराचे चार वाचक एकत्र आले आणि मंडळ काढायचे ठरले, की पहिला वाद बहुधा अध्यक्ष कोणाला करायचे यावर होतो आणि दुसरा बोधचिन्हावर. मूळ वह्या सध्या कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न वर्षभराने कोणीतरी सहज विचारतो. असे मंडळ उभे करण्याच्या कामातून मी गेलो आहे आणि हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कवीच्या किंवा कादंबरीकाराच्या नावाचे मंडळ छापील पुस्तकांवर चालू शकते, कारण ती पुस्तके लेखकाने स्वतः छापायला दिलेली असतात. रोजनिशीकाराने बहुधा काहीच छापलेले नसते. आपल्या हाती आलेला मजकूर त्याच्या मृत्यूनंतर कोणीतरी वाचलेला, निवडलेला आणि कापलेला असतो. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये पदाधिकाऱ्यांची निवड बरीच खाली आली आहे.

1. आधी वह्यांचा ठावठिकाणा लावा

बैठक बोलावण्यापूर्वी एका कागदावर वह्यांचा तक्ता तयार करा. प्रत्येक वहीसमोर तिच्यातील पहिली आणि शेवटची तारीख, पानांची संख्या, सध्याचा ताबा, छायाचित्रित प्रत आहे की नाही, आणि ती छापली गेली असल्यास कोणी, कधी व किती प्रमाणात छापली, एवढे रकाने पुरेत. जे रकाने रिकामे राहतील, तेच मंडळाचे पहिल्या दोन-तीन वर्षांचे काम असते.

हे का महत्त्वाचे आहे, ते फ्रान्सिस किल्व्हर्ट यांच्या रोजनिशीच्या इतिहासावरून कळते. वेल्सच्या सीमेवरील क्लायरो या गावात आणि पुढे ब्रेडवर्डीन येथे धर्मोपदेशक असलेल्या किल्व्हर्ट यांनी 1870 ते 1879 या काळात रोजनिशी लिहिली आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी, लग्नानंतर पाच आठवड्यांच्या आत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या बावीस वह्या लेखक-संपादक विल्यम प्लोमर यांच्या हाती आल्या आणि त्यांतील निवडक मजकूर 1938 ते 1940 या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. 1948 मध्ये किल्व्हर्ट यांच्या नावाचे मंडळ स्थापन झाले. त्यानंतर, 1950च्या दशकात, वह्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्या वृद्ध नातेवाईक बाईंनी त्यांतील बहुतेक नष्ट केल्याचे उघडकीस आले. आज तीनच वह्या शिल्लक आहेत. मंडळ होते, वाचक होते, छापील खंडांना मागणी होती; तरीही प्लोमर यांनी वगळलेला बहुतेक मजकूर कायमचा गेला.

तेव्हा वह्या खासगी ताब्यात असतील तर वारसांशी पहिली भेट घेताना त्या मागायला जाऊ नका. छायाचित्रे काढण्याची परवानगी मागा, तीही लेखी, आणि ती छायाचित्रे कोठे ठेवली जातील व कोणाला दाखवली जातील हे त्याच कागदावर नमूद करा. वह्या द्यायला कचरणारी माणसे छायाचित्रांना बहुतेक वेळा तयार होतात. त्यांच्या मनातील खरी भीती आजोबा-पणजोबांनी घरातल्यांविषयी काय लिहून ठेवले आहे ही असते; ती भीती हसण्यावारी नेली की दार बंद होते.

वह्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात असतील तर काम सोपे आहे, पण तेथेही सूचीतील नोंदीवर विसंबून राहू नका. इंग्लंडच्या नौदलाचे प्रशासक सॅम्युएल पीप्स यांनी 1660 ते 1669 या काळात लघुलिपीत लिहिलेली रोजनिशी केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात त्यांच्याच ग्रंथसंग्रहात होती. जॉन स्मिथ यांनी 1819 ते 1822 अशी तीन वर्षे खपून ती उलगडली. त्या लघुलिपीची किल्ली असलेले शेल्टन यांचे पुस्तक त्याच संग्रहाच्या फळ्यांवर होते आणि स्मिथ यांना त्याचा पत्ता नव्हता. रोजनिशीकाराची इतर पुस्तके, हिशेबाचे कागद आणि पत्रेही पाहून घ्या, असे मी सांगतो ते एवढ्यासाठीच.

2. ताबा आणि हक्क वेगळे समजा

वही ज्याच्या कपाटात आहे, त्याच्याकडेच ती छापण्याचा हक्क असतो असे नाही. नवीन मंडळांत सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून काढा : कागदाची मालकी, मूळ लेखनाचा प्रताधिकार, संपादित आवृत्तीचा प्रताधिकार आणि छायाचित्रांच्या वापराच्या अटी.

मूळ लेखनाचा प्रताधिकार देशागणिक बदलतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आणि ब्रिटनमध्ये सत्तर वर्षे हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु रोजनिशीच्या बाबतीत सर्वसाधारण नियम क्वचितच पुरतो, कारण ती मरणोत्तर प्रकाशित झालेली किंवा अजून अप्रकाशित असते. भारतीय कायद्यात मरणोत्तर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनाच्या वर्षानंतर मोजली जातात. ब्रिटनमध्ये तर शतकांपूर्वी वारलेल्या लेखकांची अनेक अप्रकाशित हस्तलिखिते 2039 संपेपर्यंत संरक्षित आहेत. त्यामुळे "दोनशे वर्षांपूर्वीचे आहे, आता कोण विचारतो" हे वाक्य मंडळात कोणी उच्चारले तर तेथेच थांबवा आणि प्रताधिकाराची माहिती असलेल्या वकिलाला वह्यांचा तक्ता दाखवा.

संपादित आवृत्तीचा प्रश्न आणखी निसरडा आहे. मूळ मजकूर मुक्त झालेला असला, तरी संपादकाने लिहिलेली प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद हे त्याचे स्वतंत्र लेखन असते. मंडळाच्या पत्रिकेत उतारे छापताना ते कोणत्या आवृत्तीतून घेतले हे नोंदवण्याची शिस्त पहिल्या अंकापासून लावा.

3. कोणी आधीच हे काम करत आहे का, ते पाहा

रोजनिशीकाराच्या जन्मगावी, त्याने शिकलेल्या संस्थेत आणि त्याच्या व्यवसायाशी संबंधित संघटनांमध्ये चौकशीची पत्रे पाठवा. एकाच लेखकाच्या नावाने दोन मंडळे निघाली की वाचक, देणग्या आणि व्याख्याते तिन्ही विभागले जातात. ब्रिटनमध्ये अशा लेखकनिष्ठ मंडळांचा 1973 पासून एक महासंघ आहे. तुमच्या भागात तसे काही नसेल तर दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या मंडळाच्या चिटणिसांना भेटून त्यांची घटना आणि मागील दोन वर्षांचे जमाखर्च मागा. चांगली मंडळे ते आनंदाने देतात.

4. पहिली बैठक आणि तिचे इतिवृत्त

तारीख शक्यतो रोजनिशीकाराच्या एखाद्या शताब्दीच्या सुमारास ठेवा. पीप्स यांच्या नावाचा क्लब 1903 मध्ये, त्यांच्या निधनाच्या द्विशताब्दीला निघाला. शताब्दीच्या निमित्ताने वृत्तपत्रे दखल घेतात, ग्रंथालये दालन देतात आणि जुने वाचक आपणहून पुढे येतात. तशी तारीख पाच वर्षे लांब असेल तर मात्र वाट पाहत बसू नका.

बैठकीत भाषणे कमी आणि ठराव जास्त असू द्यावेत. मंडळ स्थापन करण्याचा, नावाचा, घटनेचा मसुदा तयार करण्यासाठी छोटी समिती नेमण्याचा आणि हंगामी चिटणीस व कोषाध्यक्ष निवडण्याचा, असे चार ठराव पुरेसे आहेत. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात आली पाहिजेत, उपस्थितांच्या सह्या स्वतंत्र पानावर घेतल्या पाहिजेत, आणि इतिवृत्त पुढील बैठकीत वाचून कायम झाले पाहिजे. बँक आणि नोंदणी कार्यालय दोन्हीकडे हेच पान मागितले जाते. अध्यक्षपदाची निवड घटना मंजूर होईपर्यंत लांबवली तर बिघडत नाही. उलट घटनेतील अध्यक्षाचे अधिकार व्यक्ती पाहून लिहिले जात नाहीत.

5. घटना : थोडक्यात, पण या पाच कलमांत काटकसर नको

घटना दोन-तीन पानांची असावी. तयार नमुने सर्वत्र मिळतात, त्यामुळे सभेची सूचना, मतदान, रिक्त जागा भरणे वगैरे कलमे तेथून घ्या. रोजनिशीकाराच्या मंडळासाठी पुढील कलमे मात्र स्वतः बसून लिहावी लागतात.

पहिले, उद्देश. "स्मृती जागवणे" एवढेच लिहिले तर मंडळ हार आणि भाषणे यांच्यापलीकडे जात नाही. मजकुराचे जतन, संपूर्ण लिप्यंतर (म्हणजे हस्तलिखित मजकूर जसाच्या तसा उतरवून काढणे), प्रकाशन आणि संशोधकांना उपलब्धता हे शब्द उद्देशात स्पष्ट असावेत. जेम्स वुडफर्ड या अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकाच्या मंडळाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. वुडफर्ड यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ रोजनिशी लिहिली. जॉन बेरेसफर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात तिच्यातील निवडक भाग पाच खंडांत छापला आणि त्या निवडीमुळे वुडफर्ड म्हणजे जेवणाच्या ताटांची वर्णने करणारा खवय्या, अशी त्यांची ख्याती झाली. 1968 मध्ये निघालेल्या मंडळाने पुढे संपूर्ण रोजनिशी सतरा खंडांत प्रसिद्ध केली. पाच खंडांतला माणूस आणि सतरा खंडांतला माणूस यांतील फरक पाहायला मिळणे, हेच अशा मंडळाच्या अस्तित्वाचे कारण आहे.

दुसरे, देणगीत आलेल्या वस्तू. मंडळाला एखादे पत्र, चित्र किंवा वही मिळाली तर ती पदाधिकाऱ्याच्या घरी राहणार नाही, ठरावीक मुदतीत अभिलेखागारात जमा होईल, असे कलम हवे. हे कलम नसल्यास चिटणीस बदलतो तेव्हा कपाट कोणाचे, हा वाद हमखास होतो.

तिसरे, पदाची कालमर्यादा. लागोपाठ दोन कार्यकाळांनंतर सक्तीची विश्रांती ठेवा. चौथे, गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती. सभासद दूरदूरच्या गावी राहणार असल्याने ती माफक ठेवावी आणि दूरस्थ उपस्थितीला मान्यता द्यावी. पाचवे, विसर्जन. मंडळ बंद पडल्यास पैसा आणि कागदपत्रे कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जातील, हे स्थापनेच्या दिवशीच लिहिणे अशुभ वाटते, पण अनेक ठिकाणी या कलमाशिवाय धर्मादाय स्वरूपाची नोंदणीच होत नाही.

6. नोंदणी आणि बँक खाते

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. नोंदणीचे स्वरूप आणि किमान सभासदसंख्या तुमच्या देशातील कायद्यानुसार ठरेल. साधारणपणे पुढील कागद हाताशी ठेवावे लागतात :

- पहिल्या बैठकीचे कायम झालेले इतिवृत्त आणि उपस्थितांच्या सह्या
- मंजूर घटनेची सर्व पदाधिकाऱ्यांनी सही केलेली प्रत
- कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाच्या ओळखीच्या आणि पत्त्याच्या पुराव्यासह
- नोंदणीकृत पत्त्याच्या जागामालकाचे संमतिपत्र
- खाते उघडण्याचा आणि सह्यांच्या अधिकाराचा ठराव

खात्यावर तिघांना सहीचा अधिकार द्या आणि त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या आवश्यक ठेवा. ते तिघे एकाच कुटुंबातील नसावेत. नाव अर्जात, घटनेत आणि ठरावात अक्षरशः एकसारखे आहे ना, हे तपासून घ्या. परकीय रोजनिशीकाराच्या नावाचे लेखन तिन्ही कागदांवर तीन प्रकारे झाले की अर्ज परत येतो.

7. वर्गणी आणि आजीव सभासदत्वाचा सापळा

सुरुवातीला पैसा हवा असतो, म्हणून आजीव सभासद भराभर केले जातात. एकरकमी आलेली ती रक्कम दोन अंक आणि एका परिसंवादात संपते, आणि पुढील तीस वर्षे त्या सभासदांना पत्रिका छापून टपालाने पाठवण्याची जबाबदारी मात्र उरते. आजीव वर्गणी घ्यायचीच असेल तर ती स्वतंत्र ठेवीत ठेवून फक्त व्याज वापरावे, असा ठराव करा. अन्यथा वार्षिक वर्गणी, विद्यार्थ्यांना सवलत आणि संस्थांसाठी वेगळा दर एवढेच पुरेसे आहे. वर्गणीचे वर्ष सर्वांसाठी एकाच तारखेला सुरू करा. प्रत्येकाच्या प्रवेशदिनापासून मोजण्याचा उदारपणा कोषाध्यक्षाच्या मुळावर येतो.

8. लिप्यंतराचा गट

माझ्या मते मंडळाचा प्राण येथे असतो, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

मूळ मजकूर संपूर्ण छापलेला नसेल, तर छायाचित्रांवरून तो उतरवण्यासाठी सभासदांचा गट करा. काम सुरू करण्यापूर्वी एका पानाची नियमावली ठरवून घ्या : मूळ शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवायचे, संक्षेप उलगडले तर वाढवलेली अक्षरे चौकटी कंसात द्यायची, खोडलेला शब्द वाचता येत असेल तर तो खोडल्याची खूण करून ठेवायचा, न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज लिहायचा नाही, तेथे किती अक्षरांचा शब्द दिसतो एवढे नोंदवायचे. प्रत्येक पानाखाली उतरवणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे आद्याक्षर असावे.

तपासणी नेहमी दोघांनी समोरासमोर करावी. एकाने छायाचित्र पाहत मोठ्याने वाचायचे, तेही विरामचिन्हांसकट : "सकाळी, स्वल्पविराम, पाऊस, पूर्णविराम." दुसऱ्याने उतरवलेल्या मजकुरावर बोट ठेवून ऐकायचे. पहिल्या दहा मिनिटांत दोघांनाही हे हास्यास्पद वाटते आणि अकराव्या मिनिटाला एक अख्खी ओळ गळलेली सापडते, कारण लागोपाठच्या दोन ओळींची सुरुवात एकाच शब्दाने झालेली असते आणि उतरवणाऱ्याची नजर वरच्या ओळीवरून तिसरीवर घसरलेली असते. एकट्याने, मनातल्या मनात केलेल्या तपासणीत ही चूक सापडत नाही, कारण गळलेल्या ओळीशिवायही वाक्याचा अर्थ लागतो.

लिपी अनोळखी असेल तर आधी जाणकाराकडून काही आठवडे शिकून घ्या. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज जमीनदार ॲन लिस्टर यांच्या प्रचंड रोजनिशीचा सुमारे सहावा भाग त्यांनी स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडला, तेव्हा उलगडणाऱ्यांपैकी एकाने वह्या जाळून टाकण्याचा सल्ला दिला होता. त्यांच्याच घराण्यातील जॉन लिस्टर यांनी त्या जाळल्या नाहीत, लपवून ठेवल्या. अलीकडच्या काळात त्या रोजनिशीचे लिप्यंतर मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांनी केले आहे. तेव्हा हौशी माणसांना हे जमणार नाही, असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

लिप्यंतरासोबतच व्यक्तिनामांची सूची करत जा. रोजनिशीत माणसे आद्याक्षरांनी, टोपणनावांनी किंवा नुसत्या नात्याने येतात, आणि कोण म्हणजे कोण याची सूची नसेल तर तीन वर्षांनी तोच शोध पुन्हा घ्यावा लागतो.

9. पत्रिका

वर्षातून दोन अंक निघाले तरी पुष्कळ झाले. चार अंकांची घोषणा करून दोन काढण्यापेक्षा दोनांची घोषणा करून दोन काढावेत. अंकाला आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक घ्या, म्हणजे ग्रंथालयांना नोंद करणे सोपे जाते, आणि प्रत्येक अंकाच्या काही प्रती मुख्य ग्रंथालयांकडे पाठवा. प्रत्येक अंकात आजवर न छापलेला थोडा तरी मूळ मजकूर असावा, हा नियम मी आग्रहाने सांगेन. अन्यथा पत्रिका अध्यक्षांच्या प्रवासवर्णनांनी भरू लागते.

10. तारखा आणि स्थळदर्शन

स्मृतिदिन जाहीर करण्यापूर्वी रोजनिशीकार कोणती कालगणना वापरत होता, ते पाहून घ्या. इंग्लंडमध्ये 1752 साली 2 सप्टेंबरनंतरचा दिवस 14 सप्टेंबर धरला गेला, आणि त्याआधी वर्षाची अधिकृत सुरुवात 25 मार्चला होत असे. त्यामुळे पीप्स यांचा जन्म जुन्या कागदांत फेब्रुवारी 1632 आणि आजच्या पुस्तकांत फेब्रुवारी 1633 असा दिसतो. पाँडिचेरीच्या आनंद रंग पिळ्ळै यांची 1736 ते 1761 या काळातील तमिळ रोजनिशी वाचताना तर तमिळ संवत्सरांची आणि महिन्यांची जुळणी करावी लागते. मंडळाने एकच रूपांतर-पद्धत ठरवून ती पत्रिकेच्या आतल्या पानावर दर अंकात छापावी.

स्थळदर्शनाच्या सहली लोकप्रिय होतात, पण रोजनिशीतील घरांमध्ये आज दुसरी माणसे राहतात हे विसरू नका. मालकाची लेखी परवानगी, येणाऱ्यांची कमाल संख्या आणि छायाचित्रांविषयीची अट आधी ठरवा. सहलीत प्रत्येक ठिकाणी त्या जागेची नोंद मोठ्याने वाचावी आणि मग गप्प राहावे. मार्गदर्शकाने सतत बोलण्याची गरज नसते.

11. नकोशा नोंदींचे काय करायचे

प्रत्येक मोठ्या रोजनिशीत अशी पाने असतात, जी चाहत्यांना नको असतात. पीप्स यांची रोजनिशी 1825 मध्ये प्रथम छापली गेली, परंतु स्त्रियांशी त्यांनी केलेल्या वर्तनाच्या नोंदींसह संपूर्ण मजकूर 1970 ते 1983 या काळात निघालेल्या आवृत्तीतच वाचकांना मिळाला. किल्व्हर्ट लहान मुलींविषयी ज्या भाषेत लिहितात, ती आजच्या वाचकाला अस्वस्थ करते. नोकर, गुलाम, परधर्मीय यांच्याविषयीची क्रूर वाक्येही सापडतील.

याविषयीचे धोरण पहिला वाद होण्यापूर्वी, कार्यकारिणीच्या लेखी ठरावाने ठरवा. माझी शिफारस अशी : मंडळाच्या लिप्यंतरात काहीही वगळायचे नाही, पत्रिकेत अशा नोंदी संदर्भासह छापायच्या, व्याख्यात्यांवर स्तुतीची सक्ती करायची नाही. हयात व्यक्तींविषयी किंवा त्यांच्या आई-वडिलांविषयी खासगी स्वरूपाचा उल्लेख असेल तर छापण्यापूर्वी त्यांना कळवावे आणि गरज पडल्यास ठरावीक वर्षांसाठी ते पान राखून ठेवावे. राखून ठेवलेल्या पानांची यादी मात्र उघड असली पाहिजे. वारसांनी एखादे पान काढून टाकण्याची अट घातली तर ती मान्य करण्याऐवजी मुदत मागून घ्या. वीस वर्षे बंद राहिलेले पान पुढच्या पिढीच्या परवानगीने उघडता येते.

12. पहिल्या वर्षाच्या अखेरीस

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे लेखापरीक्षित जमाखर्च, सभासदांची नोंदवही आणि पहिल्या पायरीत केलेला वह्यांचा तक्ता या तीन गोष्टी ठेवा. तक्त्यातील किती रिकामे रकाने भरले, हे चिटणिसांनी अहवालात सांगावे आणि उरलेल्यांपैकी कोणते पुढील वर्षी हाती घ्यायचे, याचा ठराव त्याच सभेत करून घ्यावा. तक्त्याची, इतिवृत्तांची आणि लिप्यंतराची एकेक प्रत चिटणिसांच्या घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावातील ग्रंथालयात ठेवावी आणि त्या ग्रंथालयाची पोच इतिवृत्ताला जोडावी.